बाहेरच्या कायद्याचं नाव घ्यायचं की नाही? अमेरिकेची राज्यघटना आणि परदेशी कायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुलनात्मक घटना कायदा शिकवायला लागल्यापासून दरवर्षी तेच तेच प्रश्न येतात. वर्गात येतात, मग व्हॉट्सअॅपवर येतात, आणि न्यू जर्सीकडचे नातेवाईक डिसेंबरात आले की जेवताना पण येतात. म्हणून एकदाच बसून लिहून काढलंय. क्रम फारसा लावलेला नाही, जिथे गंमत जास्त आहे तिथे रेंगाळलोय.

परदेशी कायदा आणि आंतरराष्ट्रीय कायदा एकच ना?

नाही, आणि निम्मी भांडणं इथेच सुरू होतात. परदेशी कायदा म्हणजे दुसऱ्या देशाचा घरचा कायदा. कॅनडाच्या कोर्टाने काय म्हटलं, जर्मनीच्या संसदेने काय केलं वगैरे. तो अमेरिकेवर बंधनकारक असण्याचा प्रश्नच येत नाही, फार फार तर जज म्हणेल की बघा बुवा, ते लोक असा विचार करतात. आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे देशादेशांतले करार आणि वर्षानुवर्षं सगळ्यांनी पाळत आणलेल्या रूढी. हा काही बाबतीत खरोखर बंधनकारक असतो. टीव्हीवरच्या चर्चेत दोन्हीची भेळ करतात आणि मग कुणी म्हणतं 'आमच्यावर युरोपचे कायदे लादतायत' आणि कुणी म्हणतं 'अमेरिका करार पाळत नाही', आणि दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

पण अमेरिकेची घटना तर पक्की देशी आहे ना? तिच्यात बाहेरचं काय असणार?

भरपूर. घटना लिहिणारे लोक इंग्लंडचा ब्लॅकस्टोन, फ्रान्सचा माँटेस्क्यू आणि स्वित्झर्लंडचा वॅटेल या कायद्याच्या जाणकारांना वाचून बसलेले होते. वॅटेलचं राष्ट्रांच्या कायद्यावरचं पुस्तक फ्रँकलिनकडे १७७५ मध्ये आलं आणि काँग्रेसच्या लोकांनी ते हातोहात वाचलं. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात तर सुरुवातीलाच लिहिलंय की जगाच्या मताचा मान राखून आम्ही आमची कारणं सांगतोय. नंतर १७८७ च्या घटनेत पहिल्या कलमात काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, चाचेगिरी आणि 'राष्ट्रांच्या कायद्याविरुद्धचे गुन्हे' ठरवायचा अधिकार दिला, आणि सहाव्या कलमात म्हटलं की करार हे देशाच्या सर्वोच्च कायद्याचा भाग असतील. आठव्या घटनादुरुस्तीतले 'क्रूर आणि विचित्र शिक्षा नको' हे शब्द १६८९ च्या इंग्लिश बिल ऑफ राइट्समधून जवळजवळ जसेच्या तसे उचललेत. तेव्हा 'बाहेरचं आत आलं कधी' असं विचारायचं असेल तर उत्तर, पहिल्या दिवसापासून घरातच होतं.

'आंतरराष्ट्रीय कायदा हा आमच्याच कायद्याचा भाग आहे' असं खरंच सुप्रीम कोर्ट म्हणालंय का?

म्हणालंय, १९०० साली, आणि तेही मासेमारीच्या दोन होड्यांवरून. ही केस मी नेहमी जरा वेळ घेऊन सांगतो.

'पाकेते हबाना' नावाची एक होडी, ४३ फुटांची, तिच्यावर तांडेल धरून तीन क्यूबन माणसं. २५ मार्च १८९८ ला हवानाहून निघाली, किनाऱ्याकिनाऱ्याने क्यूबाच्या पश्चिम टोकाला गेली, २५ दिवस मासे धरले आणि जिवंत मासळी घेऊन घरी परत निघाली. आता हे लोक समुद्रावर असताना तिकडे अमेरिका आणि स्पेनचं युद्ध सुरू झालं, अमेरिकन नौदलाने हवानाची नाकेबंदी केली, आणि या बिचाऱ्यांना त्यातलं काहीच माहीत नाही. २५ एप्रिलला एका अमेरिकन गनबोटीने अडवलं तेव्हाच त्यांना कळलं की आपण 'शत्रू' झालोय. दोन दिवसांनी 'लोला' नावाची दुसरी होडी धरली, तिच्यावर सहा माणसं. दोन्ही होड्या फ्लोरिडातल्या 'की वेस्ट' नावाच्या गावी नेल्या, युद्धातली लूट म्हणून लिलाव केला, एक ४९० डॉलरला गेली आणि दुसरी ८०० ला.

होडीच्या मालकांनी दावा लावला आणि तो थेट सुप्रीम कोर्टात गेला. अमेरिकेच्या कुठल्याही कायद्यात 'कोळ्यांच्या होड्या धरू नका' असं लिहिलेलं नव्हतं, स्पेनशी तसा करारही नव्हता. जस्टिस होरेस ग्रे यांनी काय केलं तर इतिहास उपसला. पंधराव्या शतकातल्या इंग्लंडच्या चौथ्या हेन्री राजाच्या हुकुमांपासून सुरुवात केली, फ्रान्स, हॉलंड सगळं पालथं घातलं, अगदी १८९४ च्या चीनबरोबरच्या युद्धात जपानने काय नियम केला तिथपर्यंत आले, आणि म्हणाले की ताजी मासळी धरणाऱ्या गरीब माणसाला युद्धात हात लावायचा नाही ही सुसंस्कृत देशांची रूढी आता कायदाच झालेली आहे, आणि आंतरराष्ट्रीय कायदा हा आमच्या कायद्याचा भाग आहे. विक्रीचे पैसे नुकसानभरपाईसकट परत द्यायला लावले. तीन जज विरोधात होते.

पालघर-डहाणूकडच्या कुणाला हे सांगितलं की ते लगेच कराचीच्या जेलमधल्या आपल्या खलाशांबद्दल विचारतात. तो युद्धाचा मामला नाही म्हणून हा नियम तसाच्या तसा लागत नाही, पण प्रश्न अगदी बरोबर जागी लागतो.

एक पाचर मात्र ग्रे यांनी स्वतःच मारून ठेवलीय: करार नसेल, आणि सरकारचा किंवा काँग्रेसचा उलटा हुकूम नसेल, तर ही रूढी बघायची. म्हणजे काँग्रेसने मुद्दाम वेगळा कायदा केला तर रूढी गेली खड्ड्यात.

आणि कायदा नीट स्पष्ट नसेल तर?

तर १८०४ चा 'चार्मिंग बेट्सी' नियम, हीसुद्धा बोटच. चीफ जस्टिस मार्शल म्हणाले की काँग्रेसच्या कायद्याचा दुसरा काही अर्थ निघू शकत असेल तर राष्ट्रांच्या कायद्याचा भंग होईल असा अर्थ काढायचा नाही. अजून वापरतात.

करार 'सर्वोच्च कायदा' असेल तर तो घटनेच्याही वर जातो का?

नाही. हा गैरसमज अमेरिकेतही भयंकर पसरलेला आहे.

याचं मूळ १९२० च्या मिसुरी विरुद्ध हॉलंड केसमध्ये आहे. कॅनडाच्या वतीने ब्रिटनशी १९१६ साली स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या संरक्षणाचा करार झाला होता आणि मिसुरी राज्य म्हणत होतं की आमच्या हद्दीतले पक्षी आमचे, केंद्राने नाक खुपसू नये. जस्टिस होम्सनी लिहिलं की हे पक्षी काल इथे आलेले नव्हते, उद्या दुसऱ्या राज्यात असतील आणि आठवड्याभरात हजार मैलांवर, तुमचे कसे? करार टिकला. पण लोकांच्या मनात भीती बसली की करार करून केंद्र सरकार वाट्टेल ते करू शकेल. त्यातून ओहायोचे सेनेटर ब्रिकर यांनी घटनादुरुस्तीच आणली. युनोचे मानवी हक्कांचे करार मागच्या दाराने आत येतील आणि दक्षिणेतला वर्णभेद मोडीत काढतील ही धास्ती त्यामागे बरीच होती. फेब्रुवारी १९५४ मध्ये त्या दुरुस्तीचं एक सौम्य रूप सेनेटमध्ये ६० विरुद्ध ३१ असं पडलं, म्हणजे दोन तृतीयांशला फक्त एक मत कमी.

मग १९५७ मध्ये रीड विरुद्ध कोव्हर्टमध्ये कोर्टानेच हे मिटवलं. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका एअर फोर्स सार्जंटच्या बायकोने नवऱ्याचा खून केला, आणि ब्रिटनशी झालेल्या समझोत्यानुसार तिच्यावर ज्युरीशिवाय लष्करी कोर्टात खटला चालवला. सुप्रीम कोर्ट म्हणालं, कुठलाही करार सरकारला घटनेतून सुटका देऊ शकत नाही.

थोडक्यात उतरंड अशी की घटना सगळ्यात वर, खाली काँग्रेसचा कायदा आणि करार एकाच पायरीवर, आणि त्या दोघांत भांडण झालं तर जो नंतर आला तो जिंकतो.

'तुम्हाला गप्प राहण्याचा अधिकार आहे' याच्यात भारताचा काय संबंध? कुठेतरी वाचलं होतं.

बरोबर वाचलंत. १९६६ च्या मिरांडा विरुद्ध अॅरिझोना निकालामुळे तो हॉलिवूड सिनेमातला डायलॉग जन्माला आला. पोलिस म्हणत होते की आरोपीला आधी हक्क सांगितले तर आमचं काम ठप्प होईल. चीफ जस्टिस वॉरननी उत्तरात इंग्लंड, स्कॉटलंड, सिलोन आणि भारत अशी चार उदाहरणं दिली. भारतात १८७२ पासून पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, तरी तिथलं पोलिसांचं काम काही बंद पडलेलं नाही, असा त्याचा रोख. म्हणजे आपल्या एव्हिडन्स अॅक्टचं कलम २५, जे आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ मध्ये गेलंय. आपल्याकडे पोलिस कस्टडीत प्रत्यक्षात काय चालतं हे वॉरनना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी ते वाक्य लिहिलं असतं का, हा प्रश्न वर्गात दरवर्षी एखादा तरी मुलगा विचारतोच.

आणि बघा, १९६६ मध्ये यावर कुणी 'परदेशी कायदा का वापरला' म्हणून बोंब मारली नाही. तो वाद पेटला नंतर.

मग पेटला कशावरून?

मुख्यतः मृत्युदंडावरून. आठव्या दुरुस्तीतलं 'क्रूर आणि विचित्र' कुणाच्या मापाने मोजायचं? १९५८ मध्ये ट्रॉप विरुद्ध डलेसमध्ये, एक सैनिक कॅसाब्लांकामधून एक दिवसही पुरता नाही असा पळाला होता आणि त्याबद्दल त्याचं नागरिकत्वच काढून घेतलं होतं, तिथे चीफ जस्टिस वॉरनचं मत आलं की 'सभ्यतेचे बदलत जाणारे निकष' लावायचे, आणि ते ठरवताना जगातले सुसंस्कृत देश अशी शिक्षा देत नाहीत हे पाहिलं. इथून दार उघडलं. १९८८ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांचा मृत्युदंड गेला तेव्हाही बाहेरच्या देशांकडे पाहिलं, पण पुढच्याच वर्षी स्टॅनफर्ड विरुद्ध केंटकीत जस्टिस स्कालियांनी दार लोटलं. म्हणाले, निकष अमेरिकन सभ्यतेचा, जगाच्या नाही. २००२ मध्ये अॅटकिन्समध्ये मतिमंद आरोपींचा मृत्युदंड बंद झाला आणि जागतिक मताचा उल्लेख आला तो एका तळटीपेत. एका तळटीपेवरून चीफ जस्टिस रेन्क्विस्ट केवढे संतापले!

आणि मग १ मार्च २००५, रोपर विरुद्ध सिमन्स. मिसुरीतला मुलगा, खून केला तेव्हा सतरा वर्षांचा. ५ विरुद्ध ४ ने अठराखालच्यांचा मृत्युदंड संपला. जस्टिस केनेडींनी या वेळी तळटीप नाही, निकालाचा अख्खा एक भाग बाहेरच्या जगावर लिहिला. १९९० नंतर अमेरिकेशिवाय फक्त सात देशांनी अठराखालच्या गुन्हेगारांना मृत्युदंड दिला होता: इराण, पाकिस्तान, सौदी अरेबिया, येमेन, नायजेरिया, काँगो आणि चीन. आणि त्यांनीही तो एकतर बंद केला होता किंवा जाहीरपणे नाकारला होता. बालहक्कांच्या करारातलं कलम ३७ ही शिक्षा मना करतं आणि तो करार तेव्हा मंजूर न केलेले देश दोनच, अमेरिका आणि सोमालिया. सोमालियाने २०१५ मध्ये केला. अमेरिकेने १९९५ मध्ये सही केली, मंजुरी आजतागायत नाही.

केनेडींनी अर्थात जपून लिहिलं की जगाचं मत आमचा निकाल ठरवत नाही, आमच्या निष्कर्षाला पुष्टी देतं. स्कालिया म्हणाले की पुष्टीच असेल तर लिहिता कशाला, निकालात ती गोष्ट घालायची ती निकालाचा आधार असेल तरच. वकिली म्हणून बघितलं तर हा मुद्दा बिनतोड आहे, माझं मन केनेडींकडे असलं तरी.

समलैंगिकतेच्या केसमध्ये युरोपियन कोर्टाचा दाखला दिला तो बरोबर होता का?

लॉरेन्स विरुद्ध टेक्सस, २००३, समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा ज्यात रद्द झाला तो निकाल. इथे लोक एक गोष्ट विसरतात. बाहेरच्याचं नाव आधी केनेडींनी काढलेलं नाही. तसाच कायदा कायम ठेवणाऱ्या १९८६ च्या बॉवर्स निकालात चीफ जस्टिस बर्गरनी लिहिलं होतं की समलैंगिक संबंधांचा निषेध अख्ख्या पाश्चात्त्य संस्कृतीत मुरलेला आहे. केनेडींनी फक्त दाखवलं की हे चूक आहे, कारण बॉवर्सच्या पाच वर्षं आधीच, १९८१ मध्ये, युरोपियन मानवी हक्क कोर्टाने उत्तर आयर्लंडच्या जेफ्री डजन या माणसाच्या केसमध्ये असा कायदा मानवी हक्कांच्या कराराविरुद्ध ठरवला होता. समोरच्याने 'सगळं गाव असं म्हणतं' असं म्हटलं की 'अहो, गाव असं म्हणत नाही' हे सांगणं म्हणजे गावाचा हुकूम मानणं नव्हे. तरी स्कालियांनी जस्टिस थॉमस यांचे शब्द पुढे करून 'परक्या फॅशनी आणि फॅडं अमेरिकनांवर लादू नका' असं सुनावलंच.

म्हणजे स्कालियांचा आक्षेप फालतू होता?

अजिबात नाही. त्यांचा सगळ्यात चांगला वार असा: परदेशी कायदा हवा तर सगळीकडे घ्या. पोलिसांनी बेकायदा मिळवलेला पुरावा सरसकट बाद करायचा नियम बहुतेक देशांत नाही, गर्भपाताचे नियम बऱ्याच देशांत अमेरिकेपेक्षा कडक होते, तिथे का नाही बघत बाहेर? आवडलं तिथे बघायचं आणि नाही आवडलं तिथे डोळे मिटायचे, हा न्याय नव्हे. जॉन रॉबर्ट्स २००५ मध्ये चीफ जस्टिसपदाच्या सुनावणीत हेच म्हणाले, की परदेशी कायद्यात शोधाल ते सापडतं, आणि वर जर्मन जजला आमच्या लोकांनी निवडलेल्या कुठल्या राष्ट्राध्यक्षाने नेमलेलं नाही.

गंमत पुढे आहे. १९९५ च्या एका केसमध्ये निनावी निवडणूक पत्रकांवर बंदी चालेल का हा प्रश्न होता, तिथे स्कालियांनी स्वतःच लिहिलं की ऑस्ट्रेलिया, कॅनडा, इंग्लंडमध्ये अशी बंदी आहे आणि तिथली लोकशाही काही बुडालेली नाही. रेन्क्विस्टनी १९९७ मध्ये मरणाला मदत करण्याचा हक्क नाकारताना नेदरलँड्सचा अनुभव सांगितला. म्हणजे दोन्ही बाजू बाहेर बघतात, ओरडतात फक्त समोरच्याने बघितलं की. पूर्वी आपल्याकडे नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही आणि उखाण्यात मात्र ठसक्यात घ्यायचं, तसंच हे. माझं म्हणणं एवढंच आहे की घेताच आहात तर सरळ नाव घेऊन घ्या, म्हणजे दुसऱ्याला ते तपासता तरी येईल.

भारताच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल अमेरिकेत कुणी वापरलाय का?

जस्टिस ब्रेयर यांनी, १९९९ मध्ये, नाइट विरुद्ध फ्लोरिडा. वीस-वीस वर्षं मृत्युदंडाची वाट बघत कोठडीत ठेवणं हीच क्रूर शिक्षा आहे का, असा प्रश्न होता. कोर्टाने केस ऐकायलाच नकार दिला, ब्रेयरनी असहमती लिहिली आणि तिच्यात प्रिव्ही कौन्सिल (काही जुन्या ब्रिटिश वसाहतींचं लंडनमधलं शेवटचं अपील कोर्ट), भारत आणि झिंबाब्वे इथले निकाल दिले. झिंबाब्वेवरून इतकी टर उडाली की नंतर त्यांनी स्वतःच हसत कबूल केलं की तो दाखला देणं डावपेच म्हणून चुकलंच. निकाल चांगला होता हो, देशाचं नाव आडवं आलं. २००५ च्या जानेवारीत वॉशिंग्टनच्या एका लॉ स्कूलमध्ये ब्रेयर आणि स्कालिया यांची यावर समोरासमोर चर्चा झाली होती, ती जमल्यास बघा, दोन जज हसत खेळत भांडताना क्वचित बघायला मिळतात.

जे जज घटना लिहिली तेव्हाचा तिचा मूळ अर्थ धरून चालतात ते तर परदेशी काहीच बघत नसतील?

उलट तेच सगळ्यात जास्त बघतात, फक्त ते जुनं आणि इंग्लिश असावं लागतं! २०२२ च्या ब्रुएन या बंदुकांच्या केसमध्ये १३२८ सालचा इंग्लंडचा नॉर्थम्प्टनचा कायदा लागू होतो की नाही यावर पानं खर्ची पडली, शेवटी तो फार जुना म्हणून बाजूला ठेवला. जून २०२५ मध्ये ट्रम्प विरुद्ध कासा निकालात, एका जिल्हा जजने अख्ख्या देशाला लागू होणारा मनाई हुकूम द्यावा का, याचं उत्तर १७८९ च्या सुमाराला इंग्लंडचं चॅन्सरी कोर्ट काय करायचं यावरून शोधलं.

ती केस आपल्या एच-१बी वाल्यांच्या ओळखीची आहे, कारण ती जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वावरच्या जानेवारी २०२५ च्या आदेशातून निघाली. त्या विषयातला मूळ निकाल म्हणजे १८९८ चा वाँग किम आर्क, सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेला स्वयंपाकी, चीनला जाऊन परत आला तर बोटीवरून उतरू देईनात. निकाल लिहिला परत आपल्या होडीवाल्या ग्रे यांनीच, आणि आधार घेतला इंग्लिश कॉमन लॉचा: राजाच्या भूमीवर जन्मला तो राजाचा प्रजाजन. विरोधात लिहिणारे चीफ जस्टिस फुलर म्हणाले की हे इंग्लिश सरंजामी खूळ आहे, वॅटेल बघा, मूल बापाच्या देशाचं. अमेरिकन कोण, हे ठरवायला एक जज इंग्लंडकडे गेला आणि दुसरा स्वित्झर्लंडकडे.

बाहेरचा दाखला दिला की निकाल उदार होतो, असं म्हणायचं का?

नाही, मुळीच नाही. १८७९ च्या रेनॉल्ड्स निकालात मॉर्मन लोकांचं बहुपत्नीत्व बेकायदा ठरवताना कोर्ट म्हणालं की ही चाल युरोपच्या उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या राष्ट्रांना किळसवाणी आहे आणि आशिया-आफ्रिकेतल्या लोकांची आहे, आणि सतीचं उदाहरणही दिलं. निष्कर्ष पटला तरी भाषा वाचून अंगावर काटा येतो. उलट काळे लोक अमेरिकेचे नागरिक होऊ शकत नाहीत म्हणणाऱ्या १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालात चीफ जस्टिस टेनी यांनी मुद्दाम सांगितलं की युरोपातल्या सुसंस्कृत देशांचं मत काळ्या लोकांबद्दल बदललं असेल, आम्ही घटनेचे शब्द त्यासाठी सैल करणार नाही. दोन्हीकडे धार आहे.

यावर राजकारण झालं का?

झालं ना. २००४-०५ मध्ये काँग्रेसमध्ये परदेशी निकाल वापरू नका अशी विधेयकं आणि ठराव आले, एकही पार पडला नाही. २००६ मध्ये जस्टिस गिन्सबर्ग यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या भाषणात सांगितलं की याच मुद्द्यावरून त्यांना आणि जस्टिस ओकॉनर यांना मारायला सांगणारी एक पोस्ट इंटरनेटवर आली होती. ओक्लाहोमात २०१० मध्ये शरिया आणि आंतरराष्ट्रीय कायदा राज्याच्या कोर्टात वापरायला बंदी म्हणून मतदान झालं, साधारण ७० टक्क्यांनी हो म्हटलं, आणि फेडरल कोर्टाने ते धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर अडवलं.

हल्ली सुप्रीम कोर्टात रोपरसारखं उघड नाव घेणं जवळजवळ थांबलंय. तरी गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेणाऱ्या २०२२ च्या डॉब्स निकालात मिसिसिपीच्या विधिमंडळाचं 'वीस आठवड्यांनंतर फक्त सहा इतर देश गर्भपात करू देतात' हे म्हणणं जस्टिस अॅलिटोंनी उद्धृत केलंच, आणि पुढच्याच महिन्यात रोममधल्या भाषणात त्याच निकालावर बोलणाऱ्या परदेशी नेत्यांची टिंगल केली.

भारतात असा वाद का होत नाही?

आपल्याला सवयच आहे. घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव १९४७ मध्ये अमेरिकेला गेले, तिथे जस्टिस फ्रँकफर्टर यांनी त्यांना सांगितलं की ते 'ड्यू प्रोसेस' (म्हणजे कायदाच न्याय्य आहे का हे कोर्टाने तपासणं) घालू नका, जजांच्या हातात फार सत्ता जाते. शेवटी जीव आणि स्वातंत्र्याच्या हक्काच्या कलम २१ मध्ये 'कायद्याने ठरवून दिलेली पद्धत' आली. १९७८ मध्ये मनेका गांधी केसमध्ये कोर्टाने तेच काढून टाकलेलं बरंचसं मागच्या दाराने परत आणलं. दक्षिण आफ्रिकेत तर घटनेच्या कलम ३९ मध्येच लिहिलंय की हक्कांचा अर्थ लावताना आंतरराष्ट्रीय कायदा बघायलाच हवा आणि परदेशी कायदा बघता येईल. प्रश्न संपला.

कुलभूषण जाधवांच्या केसचा अमेरिकेशी संबंध आहे असं म्हणता, तो कसा?

थेट आहे. व्हिएन्ना कॉन्सुलर कराराचं कलम ३६: परदेशी माणसाला पकडलं तर 'तुझ्या देशाच्या वकिलातीला कळवू का' हे त्याला ताबडतोब सांगायचं.

होजे मेडेयीन, मेक्सिकन नागरिक, लहानपणापासून टेक्ससमध्ये वाढलेला. १९९३ मध्ये ह्यूस्टनमध्ये दोन शाळकरी मुलींवर टोळीने बलात्कार करून खून केला, त्यात हा. गुन्हा अमानुष, त्यात वाद नाही. पण त्याला कलम ३६ कुणी सांगितलंच नाही. तो धरून असे ५१ मेक्सिकन होते. मेक्सिको हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि २००४ मध्ये अवेना निकाल आला की या सगळ्यांच्या शिक्षांचा फेरविचार करा. राष्ट्राध्यक्ष बुश, जे स्वतः टेक्ससचे माजी गव्हर्नर, त्यांनी २००५ मध्ये राज्यांना सांगितलं की निकाल पाळा. टेक्सस म्हणालं, नाही. टेक्ससच्या बाजूने सुप्रीम कोर्टात उभे राहिले टेड क्रूझ, तेच आताचे सेनेटर. मार्च २००८ मध्ये कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने सांगितलं की हो, हेगचा निकाल अमेरिकेवर आंतरराष्ट्रीय पातळीवर बंधनकारक आहे, पण हा करार आपोआप घरचा कायदा होत नाही, काँग्रेसने वेगळा कायदा करायला हवा, आणि राष्ट्राध्यक्ष चिठ्ठी लिहून तो करू शकत नाहीत. काँग्रेसने केला नाही. ५ ऑगस्ट २००८ ला मेडेयीनला इंजेक्शन दिलं. त्याआधीच, मार्च २००५ मध्ये, अमेरिका त्या जोडकरारातून बाहेर पडली होती ज्यामुळे तिला हेगला खेचता येत होतं.

आता जाधव. मूळचे सांगलीकडचे, घर पवईला, नौदलातले माजी अधिकारी. पाकिस्तान म्हणतं हेर, भारत म्हणतो नाही. २०१७ मध्ये तिथल्या लष्करी कोर्टाने मृत्युदंड दिला, आपल्या वकिलातीला भेटू दिलं नाही. भारत हेगला गेला, मूळचे नागपूरचे हरीश साळवे एक रुपया फी घेऊन उभे राहिले, आणि १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ ने निकाल आला: कलम ३६ मोडलं, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा. अवेनात वापरलेलाच उपाय आणि जवळपास तेच शब्द. मग पाकिस्तानने २०२० मध्ये फेरविचारासाठी वटहुकूम काढला, तो कितपत खरा यावर भारताचे आक्षेप आहेतच, पण हेगच्या निकालासाठी घरचा कायदा करायचं जे काम अमेरिकन काँग्रेसने केलं नाही ते कागदावर का होईना पाकिस्तानने केलं. हे वाक्य वर्गात म्हटलं की दोन मिनिटं कुणी बोलत नाही.

माझा मुलगा टेक्ससला शिकतो. त्याला पोलिसांनी पकडलं तर हा करार उपयोगी पडेल का?

पडेल, पण त्याने स्वतः तोंड उघडलं तर. पोलिसांनी सांगायला हवं हे खरं, ते विसरले तर त्याने दिलेला जबाब आपोआप बाद होईल असं मात्र नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००६ मध्येच सान्चेझ-यामास केसमध्ये स्पष्ट केलंय. त्यामुळे त्याला दोन वाक्यं पाठ करायला सांगा, एक 'मला वकील हवाय' आणि दुसरं 'माझ्या कॉन्सुलेटला कळवा'. कॉन्सुलेट केस लढवत नाही, पण भेटायला येऊ शकतं, वकील शोधायला मदत करू शकतं आणि तुम्हाला फोन करू शकतं. त्याचं राज्य कुठल्या भारतीय कॉन्सुलेटखाली येतं ते आजच बघून ठेवा, आणि नंबर फोनमध्ये नको, पाकिटात कागदावर लिहून ठेवायला सांगा, कारण फोन सगळ्यात आधी काढून घेतात.